आडे सरांची दावण

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आडे सर संगणक कक्षाच्या दारात चपला काढत, खांद्यावरच्या रुमालानं आधी खुर्ची आणि मग कीबोर्ड पुसत, आणि जुन्यांना उठवायला बसत. 'उठवायला' हा त्यांचाच शब्द. कक्षात दहा संगणक होते. नऊ पोरांच्या हाताखालचे, विंडोजचे. दहावा सरांच्या टेबलावर, त्यावर लिनक्स. तो चालू केला की काळ्या पडद्यावर तीन नावांची यादी येई : चांद्या, हरण्या, लाख्या. इंग्रजी अक्षरांत, कारण त्या यादीला दुसरी अक्षरं येत नव्हती. चांद्या रोजच राबायचा. शनिवार उरलेल्या दोघांचा. सर लाख्याला निवडत, यंत्र पूर्ण उठेपर्यंत हात गुडघ्यांवर ठेवून बसत, उठलं की डब्यावर तळहात ठेवून पंख्याची थरथर बघत आणि बंद करत. मग हरण्या. मग कुलूप.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, हे कशासाठी. ते म्हणाले, "बसून राहिलं की अंग आखडतं. माणसाचं काय अन् यंत्राचं काय."

मी तेव्हा नांदेडहून संगणकाचा कोर्स करून नुकताच आलो होतो. हिंगोलीकडच्या गोरेगावला, शाळेला जोडूनच असलेल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो होतो, म्हणजे जितके तास घेतले तितकीच नोकरी. मला ठाऊक होतं की डिस्कवर पडून राहिलेली फाइल आखडत नाही. ती दर शनिवारी चालवली काय आणि दहा वर्षांनी चालवली काय, सारखंच. मी तसं म्हणालोही. सर हसले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बसले.

यादीतली ती तीन नावं म्हणजे तीन कर्नेल. या विषयाशी ज्यांचा संबंध नाही त्यांना हे कर्नेल प्रकरण सरांच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत मी अकरावीच्या वर्गाला सांगायला जायचो आणि पोरं जांभया द्यायची. सर फळ्यावर बैलगाडी काढत. म्हणत, "गाडी म्हंजे ह्यो डबा. गाडीवान म्हंजे तुमी. मंग गाडी वढतो कोण? तुमी वढता का? न्हाई. ते कर्नेल. दिसत न्हाई म्हणून गाडी आपोआप चालून राहिली, असं समजू नका." पुढची गोष्ट अशी की लिनक्समध्ये नवा कर्नेल घातला तरी जुना जात नाही. तो शेजारी उभा राहतो, आणि यंत्र चालू करताना आज कोणाला जुंपायचं ते आपण ठरवायचं. नव्यानं दगा दिला तर जुना असतो. सर म्हणत, "नव्याची शिंगं बघू नका. जू टाकल्यावर बघा."

सर मूळचे गणिताचे. पंचेचाळिशीनंतर त्यांच्या गळ्यात संगणक पडला, कारण शाळेला संगणक मिळाले तेव्हा दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं. पोरांच्या फ्लॉप्यांतून व्हायरस येऊन दोनदा सगळं पुसून गेलं, तेव्हा त्यांनी एका मासिकाबरोबर आलेली सीडी घालून आपल्या यंत्रावर लिनक्स चढवलं. तो पहिला कर्नेल म्हणजे लाख्या. टेलिफोनचं मोडेम फक्त लाख्यालाच ओळखू यायचं, म्हणून बोर्डाचे निकाल बघायचे तर लाख्या. रंगीत पडदा आला तो हरण्यालाच नीट दिसायचा. आणि चांद्या आला तेव्हा वर्षभर त्याला नावच नव्हतं. यादीत नुसतं 'नवा' असं होतं. काम केल्याशिवाय नाव नाही, असा त्यांचा नियम.

तो चांद्या बिननावाचा असतानाच एकदा हिंगोलीहून तपासणीला साहेब आले होते. प्राचार्य पुढे, साहेब मध्ये, आम्ही मागे. सरांनी यंत्र चालू केलं आणि ते अर्ध्यात अडकून बसलं. प्राचार्यांच्या कपाळाला घाम आला. सरांनी शांतपणे बटण दाबून यंत्र पाडलं, यादीतून हरण्या काढला, आणि दोन मिनिटांत सगळं उभं. साहेबांनी विचारलं, आधी काय झालं होतं. सर म्हणाले, "नवा गोऱ्हा हाये साहेब. माणसं बघून बुजला." साहेबाला काय समजलं देव जाणे, पण त्यानं शेऱ्यात कक्ष उत्तम असं लिहिलं.

ही नावं कुठली, ते मला जीपमध्ये कळलं. सर रोज तांड्यावरून येत. गोरेगावपासून काही अंतरावर त्यांचा तांडा. पूर्वी त्यांची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालायची, आता सोयाबीन आणि तूर. एका रविवारी मला त्यांनी जेवायला नेलं, तेव्हा जीपच्या मागच्या फळीवर बसून सांगितलं की लाख्या, हरण्या, चांद्या हे त्यांच्या वडिलांचे बैल. पुढे म्हणाले, "बा शेवटी शेवटी इसरायला लागला. आधी बैलांची नावं गेली. हरण्याला लाख्या म्हनायचा, चांद्याला हरण्या. आमी हसायचो. मंग आमची नावं गेली." आणि मग, बाहेर बघत, "तवापासून मी नावं धरून ठेवतो. जे ना ते."

खरंच धरून ठेवत. तांड्यावर त्यांना मान होता तो मास्तर म्हणून कमी आणि याच्यासाठी जास्त. अमावस्येला कोणी बैल जुंपत नाही, माणसं घरी असतात, तेव्हा नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात लिंबाखाली बैठक बसायची. कुणाचा बांध कुठं होता, सोयरिकीच्या वेळी कोण काय बोललं होतं, विहिरीचं पाणी कसं वाटून घ्यायचं ठरलं होतं, अशी भांडणं यायची. नायक स्वतःच्या बाजेवर सरांना जागा करून द्यायचा आणि विचारायचा, मास्तर, तुमच्या ध्यानात काय हाये? सर सांगतील ते दोन्ही बाजू ऐकायच्या. मी जेवायला गेलो त्या रविवारी अमावस्याच होती, तिथं बसून हे बघितलं. आपसात ते गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलत होते, मला निम्मं कळत नव्हतं. पण सर बोलायला लागले की बिडी विझवायची, एवढं कळलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. फार वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

एका पावसाळ्यात वीज पडून टेलिफोनची तार आणि मोडेम दोन्ही जळालं. रंगीत पडदाही बदलला. म्हणजे लाख्या आणि हरण्या या दोघांना काहीच काम उरलं नाही. मी सरांना म्हणालो, आता हे दोन काढून टाकू. कारण सरांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचून कर्नेलांसाठी डिस्कवर एक वेगळा लहानसा कप्पा केला होता. त्याला ते गोठा म्हणत. गोठा भरला होता. चौथा आणायचा तर जागा नव्हती. सर म्हणाले, "काम संपलं म्हणून दावं कापायचं? ह्यो कसायाचा हिशेब झाला." मी म्हणालो, सर, या फाइली आहेत. ते म्हणाले, "मला ठाव हाये फाइली आहेत. तरी काढायचं न्हाई. जागा करू काही तरी."

त्यांना ठाऊक होतं, हे मुद्दाम लिहितो. ते भोळे नव्हते. शनिवारचा उद्योग निरुपयोगी आहे हे त्यांना माझ्याइतकंच कळत असावं. मग ते का करत होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला नीट सांगता येत नाही.

त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक पेन ड्राइव्ह घेऊन येणार होते, आणि चांद्याला पेन ड्राइव्ह ओळखू येत नव्हता. नवा कर्नेल घालणं भाग होतं. मी नांदेडहून सीडी आणली. सर पुतणीच्या लग्नासाठी रजा घेऊन तांड्यावरच, तिथं फोनचा पत्ता नाही. मी सीडी घातली, यंत्रानं अर्ध्यात सांगितलं, जागा नाही. प्राचार्य दारात उभे. ते म्हणाले, होतंय ना हो? मी म्हणालो, होतंय. आणि लाख्या आणि हरण्या काढून टाकले. दोन ओळींचं काम. नवा आत आला, परीक्षा झाली, परीक्षकांनी चहा घेतला आणि गेले.

इथवर काही बिघडलं नव्हतं. सर आले असते, रागावले असते, चार दिवस बोलले नसते. पण सर यायच्या आदल्या दिवशी मी यंत्र चालू केलं आणि यादीत दोनच नावं दिसली : नवा आणि चांद्या. ती यादी बघून सरांचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं नव्हतं. यादी ही साधी फाइल असते. नाव एका ओळीवर, आणि त्या नावाला कोणता कर्नेल उठवायचा ते खालच्या ओळीवर. मी लाख्या आणि हरण्या ही नावं परत लिहिली आणि दोघांच्या खाली चांद्याचा कर्नेल लावून दिला. म्हणजे तुम्ही लाख्या निवडा, हरण्या निवडा, उठायचा चांद्याच. मला वाटलं, शनिवारी फक्त उठवून बंदच तर करायचं असतं. लहान मुलाची समजूत घालावी तसं मी केलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाच्या बाबतीत.

सर आले. नवा बघून खूश झाले. विचारलं, गोठ्यात जागा झाली? मी म्हणालो, झाली. ते म्हणाले, "बघा. मी म्हनत व्हतो. जागा आसती, करावी लागती."

पहिल्या शनिवारी त्यांनी लाख्याला उठवलं आणि म्हणाले, "आज लाख्या लवकर उठला." मी वह्या तपासत होतो, वर पाहिलं नाही. पडदा उठला की पासवर्ड देऊन आत जाण्याआधी एका कोपऱ्यात उठलेल्या कर्नेलचा आकडा दिसत असे, प्रत्येकाचा वेगळा. तो मी पुढच्या शनिवारच्या आत काढून टाकला. सरांनी विचारलं, आकडा कुठं गेला. मी म्हणालो, नव्या पद्धतीत दाखवत नाहीत. त्यांनी मान हलवली. पण ते आता डब्यावर तळहात जास्त वेळ ठेवू लागले. कान लावू लागले. एकदा म्हणाले, लाख्याचा आवाज चांद्यासारखा येऊन राहिला. पंख्याचा आवाज कर्नेलवर अवलंबून नसतो, हे मी स्वतःला सांगत राहिलो. मग त्यांना कसं कळलं? अजूनही मला ते कळलेलं नाही.

काही शनिवार असेच गेले. मग एका शनिवारी त्यांनी लाख्या उठवला आणि आत जाऊन आकडा विचारायची आज्ञा दिली. ती दोन शब्दांची आज्ञा मीच पोरांना शिकवली होती. उत्तर आलं चांद्याच्या आकड्याचं. सर पडद्याकडे बघत राहिले. यंत्र बंद केलं. पुन्हा चालू केलं. या वेळी त्यांनी बाण एकेक घर खाली नेला, लाख्यावर थांबले, बोट पडद्याला लावून खात्री केली आणि दाबलं. पुन्हा आज्ञा. पुन्हा चांद्या.

त्यांनी मला हाक मारली. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, तरी हाक मारली.

"मी कोनाला उठवलं?"

मी सगळं बघितलं होतं. दोन्ही वेळा. मी म्हणालो, "चांद्याला, सर."

"दोन्ही बार?"

"दोन्ही वेळा."

सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. परत लावला नाही. तसाच हातात धरून बसले. "मला वाटलं लाख्या," एवढंच म्हणाले. त्या दिवशी हरण्याला त्यांनी उठवलंच नाही.

मी सोमवारी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. सोमवारी सर शिक्षक खोलीत कुणाला तरी विचारत होते की काल रविवार होता ना, आणि सगळे हसत होते. कुणी म्हणालं, सर, सकाळी जेवून निघालात का, तेवढं आठवतंय ना? सरही हसले. मग मला वाटलं, थोडं शांत होऊ दे. मग परीक्षा आल्या. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, याचं काय उत्तर देऊ. असं होतं. सांगायची वेळ पुढं पुढं सरकत जाते आणि एक दिवस ती मागं गेलेली असते.

सर बदलले. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन ओढून बघायचे. ज्या पोराला तीन वर्षं शिकवलं त्याला नाव विचारायचे, आणि बरोबर निघालं की हुश्श करायचे. एकदा फळ्यावर गणित सोडवता सोडवता थांबले आणि वर्गालाच विचारलं, मी बराबर चाललोय ना? पोरं गोंधळली. बराबरच चालले होते. हिंगोलीच्या डॉक्टरनं वयाचं कारण सांगून ताकदीच्या गोळ्या दिल्या. मी त्यांच्याकडे बघायचो आणि मला समजेनासं व्हायचं की ते खरोखरच विसरायला लागले आहेत, की विसरायच्या भीतीनं असे झाले आहेत. खरंच विसरत असले तर माझ्या खोट्यानं काही केलेलं नाही, असा हिशेब मी मांडायचो. म्हणजे ते खरंच वेडे व्हावेत असं मला वाटत होतं. तसं होतं.

दिवाळीनंतर त्यांनी कक्षाच्या चाव्या माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाले, "तुमच्याकडं राहू द्या. माझा आता भरवसा न्हाई. बाचं असंच सुरू झालं व्हतं, बैलांपासून." मी तोंड उघडलं. घंटा झाली. पोरं आत आली. सरांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि ते गेले. पुढच्या वर्षी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि कक्ष, आणि पुढे कायमची नेमणूक, माझ्याकडे आली. निरोप समारंभात मीच बोललो. चांगलं बोललो.

ते तांड्यावरून बाहेर पडेनासे झाले, हे ऐकून होतो. हिंगोलीला जायचं तर मुलगा सोबत लागायचा. नायकाच्या बाजेवर बसणंही त्यांनी सोडलं होतं. हे मला तांड्यावरच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं. तिच्या चुलत्यांचं, सुदाम आणि किसन या दोन भावांचं, बांधावरून वाकडं आलं होतं. वडिलांनी वाटणी करताना बांध टाकला तेव्हा सर तिथं होते. बाकीचे जे होते ते वारले. बांध पुरात वाहून गेला होता. कुऱ्हाडी निघाल्या होत्या, एकाचं डोकं फुटलं होतं. सगळे सरांकडे गेले, आणि सर म्हणाले की मला आठवतं, पण माझ्या आठवण्यावर जाऊ नका. मी तिला विचारलं, आता काय होईल? ती म्हणाली, "कुणीतरी मरंल, सर." सहज म्हणाली. वही मागायला आली होती, घेऊन गेली.

त्यानंतरच्याच अमावस्येला मी जीपनं तांड्यावर गेलो.

सर अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांच्या पत्नी, वहिनी, चुलीपाशी. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. आधी नीट सांगता येईना. गोठा, जागा, सीडी, यादी, सगळं एकात एक गुंतलं. सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेंगा सोलणं मात्र थांबलं. माझं झाल्यावर ते म्हणाले, "मंग त्या दिशी मी लाख्यालाच उठवलं व्हतं."

"हो सर."

"दोन्ही बार."

"दोन्ही वेळा."

ते उठले. मला वाटलं मारतात. ते चुलीपाशी गेले आणि वहिनींना गोरमाटीत काहीतरी म्हणाले, घाईघाईनं, दोन-तीनदा तेच. मला एवढंच कळलं की त्यात लाख्याचं नाव आहे. वहिनी पदरानं हात पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. मग मराठीत, मला कळावं म्हणून, म्हणाल्या, "चार वर्सं ह्या मानसानं राती उठून लेकरांची नावं घोकली. मी ऐकून हाये." आणखी काही त्या बोलल्या नाहीत. चहाही ठेवला नाही. त्या तांड्यावर पाहुण्याला चहा नाही, असं मी दुसऱ्यांदा बघितलेलं नाही.

मी सरांना म्हणालो, तुम्ही म्हणाल ती शिक्षा. सरांना ते आवडलं नाही. म्हणाले, "मला सांगून काय उपेग? माझं डोकं गेलं, हे मी काय एकट्यालाच सांगितलं व्हतं का? समद्यापुढं सांगितलं. तुमीबी समद्यापुढं सांगा. चला."

लिंबाखाली बैठक बसलेलीच होती. सुदाम एका बाजूला, डोक्याला पट्टी. किसन दुसऱ्या बाजूला. मध्ये नायक बाजेवर. मला उभं केलं. मी आयुष्यात इतके तास घेतले, पण कर्नेल म्हणजे काय हे इतकं वाईट कधी समजावलं नसेल. मी म्हणालो, मी लाख्याला काढून टाकलं. एक म्हातारा लगेच म्हणाला की लाख्या तर दुष्काळाच्या साली मेला, हा कुठं होता तवा. दुसरा म्हणाला, हरण्या इकला व्हता. माणसं आपसात बोलू लागली. सर बाजूला उभे होते, ते काही मदत करेनात. मी सुरुवातीपासून सांगितलं. पोरीबाळी हसत होत्या. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला.

शेवटी नायकानं हात वर केला. फार म्हातारा माणूस, आवाज बारीक. तो मला म्हणाला, "थांबा. मी म्हंतो, चूक आसंल तर सांगा. दावणीला तीन जनावरं व्हती."

"हो."

"मास्तर घरी न्हाई, तवा तुमी दोन इकली."

"विकली नाही. काढली."

"काढली. अन् तिसऱ्यालाच तीन खुंट्यांवर तीन नावं देली."

"हो."

"मास्तर आले. म्हनले, ह्यो लाख्या न्हाई. तर तुमी म्हनले, तुमीच इसरले."

मी मान हलवली.

"म्हंजे मानसानं जनावर बराबर वळखलं," नायक म्हणाला, "अन् तुमी मानसालाच येडं ठरवलं. काहून?"

काहून, म्हणजे का. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी म्हणालो असेन. कुणी हसलं नाही. तो काहून मी घरी घेऊन आलो आणि अजून तो तसाच आहे.

मला वाटलं आता दंड सांगतील. तांड्यात दंड असतो, हे ऐकलं होतं. नायकानं माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. बाजेवर तो जरा सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात मारला. सर लगेच गेले नाहीत. त्यांनी आधी सगळ्यांकडे बघितलं, ओळीनं, एकेका चेहऱ्यावर थांबत. ओठ हलत होते. नावं घेत असावेत. मग ते गेले आणि बसले.

सर पुढे आठ वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत त्यांचं डोकं शाबूत होतं असं लोक म्हणतात. मी त्यानंतर त्यांच्या दारात गेलो नाही. त्यांनी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशी मला जा म्हणून कुणी सांगितलं नाही, की बस म्हणूनही नाही. मी लिंबाच्या सावलीच्या कडेला तसाच उभा होतो. सुदाम बोलला, किसन बोलला, दोघं एकदम बोलले. नायकानं त्यांना गप्प केलं आणि मान वळवून मराठीतच विचारलं, बहुधा माझ्यासाठी, "मास्तर, बांध कुठून जात व्हता, हाये का तुमच्या ध्यानात?"

भोवतालच्यांनी बिड्या विझवल्या.

"ध्यानात हाये," सर म्हणाले.